मोकळ्या प्लॉटवर कर बसणार म्हणून घाईनं बांधायला काढू का?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून):

“आम्ही दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळांमधून निवृत्त झालो. सात रस्त्याजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट नाही. ह्यांचे गुडघे दुखतात. १९९६ साली ह्यांनी शिक्षकांच्या गृहनिर्माण सोसायटीतून विजापूर रोडच्या बाजूला हद्दवाढ भागात २,४०० चौरस फुटांचा प्लॉट घेतला. मुलं शिकली, एक पुण्यात, एक बंगळुरात. प्लॉट तसाच राहिला. वेड्या बाभळी वाढल्यात, लोक कचरा टाकतात, गेल्या पावसाळ्यात साप निघाला म्हणून आजूबाजूचे आमच्याशी भांडले. आता भाच्यानं मेसेज पाठवलाय की घरं बांधली जावीत म्हणून सरकार मोकळ्या प्लॉटवर बाजारभावाच्या तीन टक्के आणि पुढं सात टक्के वर्षाला कर लावणार. हे म्हणतात, घाईनं चार छोटी घरं बांधून भाड्यानं देऊ. थोरला म्हणतो, विकून टाका. मला वाटतं, जमीन काही खायला मागत नाही, राहू दे. पण आमच्याच बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहणारी एक तरुण शिक्षिका परवा तोंडावर म्हणाली, ‘काकू, तुमच्यासारखे प्लॉट धरून बसतात म्हणून आम्हाला घर मिळत नाही.’ ते लागलं मनाला. आम्ही खरंच साठेबाज आहोत का? आणि करावं काय?”

— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

ताई, नमस्कार.

आधी भाच्याच्या मेसेजचा निकाल लावू, म्हणजे डोकं शांत होईल. असा कर आज महाराष्ट्रात नाही, त्यामुळे सोलापुरातही नाही. महापालिकेच्या मनात आलं आणि सभेत ठराव झाला, एवढ्यानं तो लागूही होणार नाही. जमीन आणि इमारतींवरचा कर हा घटनेनं राज्याकडे दिलेला विषय आहे. त्यासाठी विधिमंडळात कायदा व्हावा लागतो, आणि तो एका रात्रीत मेसेजवर येत नाही.

पण मेसेजमधले आकडे हवेतले नाहीत. ते आयर्लंडचे आहेत. २००८ च्या मंदीत तिकडचे बिल्डर बुडाले, बांधकामं थांबली, आणि काही वर्षांत घरांची इतकी टंचाई झाली की डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्यांनाही भाड्याचं घर मिळेना. शहराच्या मध्यावर मात्र मोकळ्या जागा तशाच पडून. म्हणून २०१५ साली त्यांनी कायदा केला. स्थानिक पालिकेनं आपल्या हद्दीतल्या पडीक जागांची यादी करायची, आणि यादीतल्या जागेवर बाजारमूल्याच्या तीन टक्के आकार लावायचा. २०१८ या वर्षाचा आकार २०१९ मध्ये भरायचा होता. २०१९ पासून तो दर सात टक्के केला. तुमच्या भाच्याच्या हाती लागले ते हेच दोन आकडे. खाली कुणीतरी आपल्या सरकारचं नाव चिकटवलं.

आता त्याच कायद्यातली मेसेजमध्ये न आलेली गोष्ट ऐका. यादीत यायला जागा किमान ०.०५ हेक्टर, म्हणजे ५०० चौरस मीटर असावी लागे. आपल्या हिशोबानं साधारण ५,४०० चौरस फूट. तुमचा प्लॉट २२३ चौरस मीटर भरतो. म्हणजे हाच प्लॉट डब्लिनमध्ये असता तरी त्या यादीत आला नसता.

आपल्याकडच्या जुन्या कायद्यांचाही कल तसाच होता. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा, ज्याला सगळे ‘यूएलसी’ म्हणत, सोलापूरलाही लागू होता. एका मालकाला शहरात किती मोकळी जमीन ठेवता येईल याची त्यातली मर्यादा शहराच्या वर्गानुसार ५०० ते २,००० चौरस मीटर होती. संपत्ती कर होता तेव्हा त्यात शहरी जमीन धरली जाई, पण एक घर किंवा ५०० चौरस मीटरपर्यंतचा एक प्लॉट त्यातून वगळता येत असे. तो कर तर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेलाच. तेव्हा उद्या असा कायदा आलाच, तरी सुरुवात तुमच्यापासून होईल असं मला वाटत नाही. होऊ नये असंही वाटतं.

साठेबाज म्हणाल तर तुम्ही नाही. मास्तरांनी पगारातून हप्ते भरून घेतलेला एक प्लॉट म्हणजे साठेबाजी नव्हे. पण त्या शिक्षिकेवर रागावू नका, तिचं निम्मं बरोबर आहे.

सोलापूरची १९९२ साली हद्दवाढ झाली. बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी अशी गावं आत आली आणि शहराचं क्षेत्रफळ १७८ चौरस किलोमीटरच्या वर गेलं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेनऊ लाख. एवढ्या माणसांना एवढी जमीन कमी नाही. तरीही विडी कामगार बायकांना घरं मिळाली ती कुठं? अक्कलकोट रोडला, शहराबाहेर कुंभारीत. गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं तिथं, २००६ सालची. रे नगरची तीस हजार घरांची योजना तिथंच. तिच्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. घर मिळालं, पक्कं मिळालं, याचं मोल मोठंच आहे. पण दवाखाना, कॉलेज, बाजार, धुण्याभांड्याची कामं शहरात, आणि राहायला कुंभारी. रोजचं जाणं-येणं त्या बायकांच्या वेळेतून आणि पैशातून. स्वस्त जमीन लांबच मिळते, कारण जवळची जमीन कुणी सोडत नाही. आणि जवळच्या जमिनी धरून ठेवणाऱ्यांत तुमच्यासारखी एकेका प्लॉटवाली मंडळी कमी नाहीत. एकटा माणूस काही वाईट करत नाही. पण गल्लीत एक घर, दोन प्लॉट मोकळे, एक घर, तीन मोकळे, असं झालं की पाण्याची लाइन तेवढीच लांब टाकायची, दिवे तेवढेच लावायचे, घंटागाडी तेवढीच फिरवायची, आणि पैसे भरणारी घरं मात्र मोजकी.

आपली करपद्धतही धरून बसणाऱ्यालाच सोयीची आहे. मालमत्ता कराची जुनी रीत करयोग्य मूल्याची: जागेला वर्षाला किती भाडं येऊ शकेल ते ठरवायचं, त्यातून दहा टक्के दुरुस्तीचे वजा करायचे, उरलेल्यावर कर. बांधलं की भाड्याचा अंदाज वाढतो, कर वाढतो. मोकळं ठेवलं की बिल बारीक. म्हणजे कर्ज काढून घर बांधणाऱ्यानं जास्त भरायचं आणि शेजारी बाभळी वाढवणाऱ्यानं कमी. त्याच्या घरामुळं, त्याच्या गल्लीतल्या रस्त्यामुळं भाव वाढतो तो बाभळीवाल्याच्याही प्लॉटचा. मोकळ्या जागेवर वेगळा कर असावा असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा हा आहे, आणि मला तो पटतो. शेजारच्या तेलंगणात आणि आंध्रात मोकळ्या जागेचा वेगळा कर जागेच्या मूल्यावर घेतातच. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक तेलुगू भाषकांची नातीगोती तिकडं आहेत, त्यांना विचारा. इतकं कशाला, आपल्या चिंचोळी एमआयडीसीत भूखंड घेतलेल्या कारखानदाराला विचारा. ठरल्या मुदतीत बांधकाम केलं नाही तर मुदतवाढीचे पैसे मोजावे लागतात, आणि तरी नाही केलं तर भूखंड परत जाऊ शकतो. उद्योगाला लावतो तो नियम घरांच्या जागेला लावायचं म्हटलं की आपल्याला अन्याय वाटतो, एवढंच.

पण पटणं वेगळं आणि चालणं वेगळं. आयर्लंडचा तो आकार फसला. पालिकांनी जागोजाग माणसं पाठवायची, जागा खरंच पडीक आहे का बघायचं, मालक शोधायचा, किंमत ठरवायची, मालकानं अपील केलं की लढायचं. काही पालिकांच्या यादीत एकही जागा चढली नाही. जिथं चढल्या तिथं आकारलेल्या रकमेतला थोडाच भाग हाती आला. शेवटी त्यांनी तो मोडीत काढला आणि २०२१ मध्ये नवा कायदा केला: निवासी वापरासाठी राखलेल्या जमिनीवर वर्षाला तीन टक्के, नकाशा आधी प्रसिद्ध, मालकानं स्वतःच हिशोब करून भरायचं, वसुली पालिकेऐवजी महसूल खात्याकडे. तोही पुढं ढकलत ढकलत २०२५ मध्ये सुरू झाला. शेतकऱ्यांनी ओरड केली की आमची कसती जमीन तुम्ही नकाशात पिवळी, म्हणजे निवासी, केलीत आणि आता कर मागता. तेव्हा त्यांना जमीन निवासी वापरातून काढून घ्यायची मागणी करण्याची मुभा द्यावी लागली.

आपला यूएलसी तरी काय वेगळा? जादा जमीन सरकारजमा करून गरिबांना घरं, असं कागदावर. प्रत्यक्षात सवलतींचे अर्ज, कोर्टकचेऱ्या आणि वर्षानुवर्षं अडकलेल्या जमिनी. केंद्रानं तो १९९९ मध्ये मागं घेतला, महाराष्ट्रानं नोव्हेंबर २००७ मध्ये. मोठे वाट काढून सुटतात आणि सुक्याबरोबर ओलं जळतं, हा अनुभव सोलापूरकरांनाही आहे. गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजीच्या आवारांकडे पाहत एक पिढी म्हातारी झाली. तेव्हा मोकळ्या जागेवर बोट ठेवायचंच असेल तर आधी अशा एकरांनी मोजायच्या जागांवर ठेवावं, सरकारी खात्यांच्या पडीक आवारांवर ठेवावं, मग २,४०० फुटांकडे यावं.

आयर्लंडच्या नव्या कायद्यातली एक अट मात्र मला फार आवडली. जमिनीपर्यंत रस्ता, पाणी, ड्रेनेज पोचलेलं किंवा सहज पोचण्यासारखं असलं पाहिजे; तरच कर. हद्दवाढ भागातल्या माणसाला ही अट वाचून हसू येईल. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असतानाही सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, दिवसांआड वाट बघायची हे अंगवळणी पडलंय. तुमच्या गल्लीत ड्रेनेज आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण नसेल तर तुम्ही बांधलं नाही याचा दोष सगळा तुमचा नाही. पालिकेनं आधी पाइप टाकावा, मग तीन वर्षं वाट बघावी, मग कर लावावा, आणि त्या कराचा पैसा त्याच वस्तीत खर्च करावा. या क्रमानं आला तर मी त्या कराच्या बाजूनं लिहीन. उलट्या क्रमानं आला तर तुमच्याबरोबर झोन कार्यालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसेन.

आता तुमच्या घरच्या तीन मतांकडे येतो. ‘जमीन काही खायला मागत नाही’ हे तुमचं मत आधी घेतो, कारण ते सर्वात गोड आणि सर्वात महाग आहे. धरा, प्लॉटची किंमत आज चाळीस लाख आहे. (तुमचा खरा भाव मला माहीत नाही, रेडी रेकनर आणि आजूबाजूचे दोन-तीन व्यवहार बघून तुम्ही आकडा घाला.) सात टक्क्यांनी वर्षाचे दोन लाख ऐंशी हजार होतात. भाच्याच्या मेसेजमधल्या ज्या कराला तुम्ही घाबरलात, तो हाच आकडा. आणि चाळीस लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर मिळालं असतं तेही एवढंच व्याज. तो कर तुम्ही आजही भरताय, फक्त पावती मिळत नाही. तुम्ही म्हणाल, भाव वाढतोय की. वाढत असेल. पण सात टक्क्यांची बरोबरी करायला चाळीस लाखांचे दहा वर्षांत ऐंशी लाख झाले पाहिजेत. तुमच्या गल्लीत मागच्या दहा वर्षांत भाव दुप्पट झाला का, ते आठवून बघा. जुळे सोलापूरच्या चांगल्या रस्त्यालगत झालाही असेल, आतल्या कच्च्या रस्त्याला नसेलही. पुण्याचे आकडे इथं लावू नका. ज्या शहराची पोरं डिग्री घेऊन पुण्याची एसटी पकडतात, तिथं जमीन पुण्याच्या वेगानं चढत नाही.

सरांचं मत, घाईनं बांधून भाड्यानं द्यायचं. यालाही माझा विरोध आहे. चार छोटे वन बीएचके, मिळून २,४०० फूट बांधकाम, फुटाला अठराशे धरले तरी त्रेचाळीस लाख. प्रत्येकाचं सात हजार भाडं धरलं तर वर्षाला तीन लाख छत्तीस हजार. त्यातून रिकामे महिने, वाढलेला मालमत्ता कर, टाकीची गळती, बोरची मोटार, रंग हे वजा केलं की पावणेतीन लाखांच्या आसपास उरतील. जमीन धरून गुंतवणूक त्र्याऐंशी लाखांची, म्हणजे परतावा सव्वातीन टक्के. त्यासाठी ग्रॅच्युइटीचा पैसा घालायचा, या वयात मिस्त्रीच्या मागं फिरायचं, आणि दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरू शोधायचा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी चार घरांचे नळ दुरुस्त करायला जाऊ नये. न आलेल्या कराच्या भीतीनं तर मुळीच नाही.

बांधण्याचं एकच कारण मला मान्य होईल: तुम्हाला दोघांना तिथं राहायचं असेल तर. तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, जिना नाही, दारात तुळस. त्यात पैशांचा हिशोब बघायचा नसतो. परवान्याचाही बाऊ करू नका. २०२० च्या अखेरीस आलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत लहान प्लॉटना सोपी वाट दिलीय. १५० चौरस मीटरपर्यंत तर नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती हाच परवाना. तुमच्यासारखा ३०० मीटरच्या आतला प्लॉट असेल तर आर्किटेक्टच्या दाखल्यावर काम पुढं सरकतं. पण मग फ्लॅट विकायची तयारी ठेवा, आणि रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर तिथून किती लांब पडेल तेही बघा. सात रस्त्याची सोय तिकडं नाही.

नाहीतर थोरल्याचं ऐका. माझं मत त्याच्या बाजूनं आहे. फक्त विकण्याआधी दोन्ही मुलांना एक प्रश्न सरळ विचारा: पाच वर्षांत तुमच्यापैकी कुणी सोलापुरात राहायला येणार आहे का? ‘बघू’ असं उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजा. आईवडिलांच्या पश्चात दोन शहरांतल्या दोन भावांनी एका प्लॉटचं वाटप करायचं म्हणजे वारस नोंद, हक्कसोड, मुखत्यारपत्र आणि मधल्या काळात कुणीतरी मारलेलं पत्र्याचं शेड.

विकायला काढण्याआधी कपाटातली फाइल उघडा. शिक्षकांच्या सोसायटीतला प्लॉट म्हटलं की मला पहिली शंका कागदाची येते. तुमच्याकडे सरांच्या नावचं नोंदणीकृत खरेदीखत आहे, सोसायटीनं दिलेला भाडेपट्टा आहे, की नुसतं वाटपपत्र आणि हप्त्यांच्या पावत्या? अनेक जुन्या सोसायट्यांत मूळ जमिनीच्या उताऱ्यावर अजून सोसायटीचंच नाव असतं, चेअरमन वारलेले असतात आणि दप्तर सेक्रेटरीच्या माळ्यावर असतं. तसं असेल तर त्याची सोडवणूक आधी. त्याशिवाय गिऱ्हाइकाला बँक कर्ज देणार नाही आणि तुम्हाला योग्य भाव मिळणार नाही. बिनशेतीचा आदेश, मंजूर लेआउटची प्रत, चालू उतारा एकत्र करा. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला काढा, म्हणजे विकास आराखड्यात प्लॉटवर आरक्षण किंवा रस्ता नाही ना ते कळेल. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरून चारही कोपऱ्यांवर खुणा करून घ्या. तीस वर्षांत शेजाऱ्याची भिंत सरकलेली नसतेच असं नाही.

मालमत्ता कराची पावती मात्र याच आठवड्यात बघा. मोकळ्या प्लॉटलाही मालमत्ता कर असतो, आणि थकला तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. कित्येकांना बिलच जात नाही, कारण पत्ता जुना असतो, आणि थकबाकी समजते ती विक्रीच्या वेळी. तुम्ही ज्या करासाठी जागे राहिलात तो आलेला नाही. हा आलेला आहे. थकलं असेल तर पालिका अधूनमधून शास्ती माफीची अभय योजना काढते, तिच्यावर नजर ठेवा, पण तिच्या भरवशावर बसू नका.

साफसफाईही विक्रीची वाट न बघता करा. जेसीबी लावून बाभळी मुळासकट काढायच्या, नुसत्या छाटल्या तर पावसाळ्यात दुप्पट जोमानं येतात. सिमेंटचे खांब, तारेचं कुंपण, फाटक, आणि सरांच्या नावाची, प्लॉट नंबरची पाटी. साप निघाला तो शेजारच्या लेकरांच्या खेळण्याच्या जागेत. त्या भांडणात मी शेजाऱ्यांच्या बाजूनं आहे.

विकताना त्या शिक्षिकेला जरूर विचारा. सवलत द्या असं मी म्हणत नाही. पण तिला खरंच घर बांधायचं असेल तर तिच्या बँकेच्या मंजुरीसाठी दोन महिने थांबायची तयारी दाखवा आणि साठेखतात ती मुदत लिहा. रोख घेऊन उद्याच खरेदी करतो म्हणणारा दलाल तुमच्याच प्लॉटवर बाभळी वाढवत बसेल, आणि त्याच्या घाईचा तुम्हाला काही उपयोग नाही.

शेवटी आयकर. प्लॉट सरांच्या नावावर आहे असं धरतो. १९९६ ची किंमत न धरता १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं, मात्र ते त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नको. मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून तेवढा दाखला काढा. जमीन २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली असल्यानं दोन वाटा आहेत: मूळ किमतीत महागाईची भर धरून उरलेल्या नफ्यावर २० टक्के, किंवा भर न धरता साडेबारा टक्के. सीएला दोन्ही हिशोब करायला लावा, जो कमी पडेल तो घ्या. आणि मिळालेल्या पैशातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर हा कर वाचू शकतो. सगळी रक्कम घातली तर पूर्ण, काही भाग घातला तर त्या प्रमाणात. अट अशी की विक्रीच्या दिवशी सरांच्या नावावर एकापेक्षा जास्त राहतं घर नको. तुमचा एकच फ्लॅट आहे, तेव्हा अडचण येऊ नये.

म्हणजे प्लॉट विकून सात रस्त्याच्या आसपासच लिफ्टच्या इमारतीत किंवा तळमजल्यावर फ्लॅट घेता येईल, आणि जुना फ्लॅट नंतर निवांत भाड्यानं देता येईल. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नाही तर न खर्चलेली रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवायची, साध्या एफडीत नाही. नवं घर सरांच्याच नावावर घ्या, तुमचं नाव जोडीला लावायचं तर सीएला विचारून लावा. आणि इसार म्हणून वीस हजार किंवा त्यावर रोख रक्कम कुणी देऊ केली तर हात जोडा. आयकर खातं तेवढाच दंड लावू शकतं. चेक घ्या, किंवा खात्यावर मागवा.